दिव्यांच्या फरशीवर उतरण्याआधी

या खेपेच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला. आपल्याकडे आता जी नवी गेमिंग सेंटरं निघाली आहेत, जिथे खुर्चीत बसून बटणं दाबायची नसतात, तर खोलीभर पळायचं, वाकायचं, नेम धरायचा आणि भिंतीवरचे दिवे तळहाताने विझवायचे असतात, त्यांच्याबद्दल. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण ते पत्र वाचून मला फार आनंद झाला.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही शाळेच्या एका वर्गातल्या आठजणी, सगळ्या पंचावन्नच्या पुढेमागे. दर दिवाळीनंतर भेटतो, जेवतो, फोटो काढतो आणि घरी परततो. यंदा एकीच्या सुनेने सुचवलं, त्या दिव्यांच्या फरशीवर खेळतात तिथे जा. मनातून सगळ्यांना जायचं आहे. पण एकीचे गुडघे दुखतात, दोघींना बीपीची गोळी चालू आहे, आणि राजकोटच्या आगीपासून अशा बंद जागेची मला स्वतःला धास्ती बसली आहे. मुलं म्हणतात, ‘आई, हे तुमच्या वयाचं नाही.’ जावं का? — मांजलपूर, वडोदरा

उत्तर : जा. नक्की जा. आणि मुलांना सांगा, नवरात्रात रात्री बारापर्यंत गरब्याच्या रिंगणात फिरणाऱ्या बडोद्याच्या बायकांना ‘तुमच्या वयाचं नाही’ हे कुणी ऐकवू नये. तुमच्या पायांत दम आहे. फक्त तिथे मॉल समजून जाऊ नका, मैदान समजून जा. मॉलमध्ये आपण भरपेट जेवून, सँडल घालून, खांद्याला पर्स अडकवून जातो. मैदानावर आधी जागा बघतो, अंग मोकळं करतो, गट पाडतो आणि मग उतरतो. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. बाकीचा तपशील आहे, पण तो महत्त्वाचा आहे म्हणून लिहिते.

आधी तिथे असतं काय ते सांगते. माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी मला नेलं होतं. दाराशी मनगटावर एक पट्टी बांधतात, तिच्यात चिप असते. प्रत्येक खेळाची खोली वेगळी. खोलीच्या दाराजवळच्या यंत्राला पट्टी टेकवली की गटाची नोंद होते आणि गुण आपोआप जमा होत जातात. फरशीची खोली म्हणजे मोठ्या चौकोनी लाद्या, प्रत्येक लादीखाली एलईडी दिवे आणि पाऊल ओळखणारा सेन्सर. लाल लादीवर पाय पडला की एक जीव गेला, हिरवी सुरक्षित, निळी पायाने टिपायची. खेळाप्रमाणे रंगांचा अर्थ बदलतो, पण कल्पना हीच. लहानपणी आपण अंगणात ‘तळ्यात-मळ्यात’ खेळायचो, तेच हे, फक्त इथे तळं स्वतः सरकत येतं. लाल पट्टा एका भिंतीपासून निघतो, दुसऱ्या भिंतीकडे सरकतो, आणि तुम्ही त्याच्या पुढे पुढे पळत निळ्या लाद्या टिपत राहता. आमच्यातली एक कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि ओरडायला लागली, ‘डावीकडे निळी! मागे बघ, मागे!’ फरशीच्या मध्ये उभं राहिल्यावर पायाजवळच्या चारसहा लाद्याच दिसतात. कोपऱ्यातून मात्र अख्खा नकाशा दिसतो. ती ओरडायला लागल्यावर आमचा गट भराभर पुढे गेला. तुमच्यातल्या गुडघेवालीला ही जागा द्या. तिला बाजूला बसवणं म्हणजे हे नव्हे. त्या खोलीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

गुडघ्यांचं म्हणाल तर खोली निवडून खेळा. दिसायला सगळ्यात शांत असते ती लेझरची खोली. अंधारात हलका धूर सोडलेला असतो, त्याच्यामुळे किरणं हिरव्या दोऱ्यांसारखी दिसतात. किरण समोरच्या भिंतीवरच्या सेन्सरवर पडत असतो, तो अडला की यंत्राला कळतं. आपण तो न अडवता पलीकडे जायचं. पळापळ नाही म्हणून बायका आधी तिथे शिरतात, आणि गुडघ्यांना सगळ्यात जड तीच जाते. खोल बसणं, बसल्या बसल्या सरकणं, एका पायावर तोल सांभाळत दुसरा उचलणं, सगळं दुखऱ्या गुडघ्याच्या मुळावर येणारं. चक्कर येण्याचा त्रास असेल तर अंधारात तोलही जातो. त्यापेक्षा चेंडू फेकायच्या खोलीत जा, किंवा जिथे भिंतीवर पेटणारी बटणं हाताने दाबायची असतात तिथे. उभ्याने खेळता येतं आणि मजा तसूभर कमी नाही. धरून चढायची भिंत असेल तर ज्यांचे खांदे आखडलेले आहेत त्यांनी ती सोडावी. पन्नाशीनंतर खांदा आखडण्याचा त्रास बायकांत बराच दिसतो.

फरशीच्या खोलीबद्दल अजून एक. गरब्यात पाय फिरतो तो तालात, एका दिशेने, पुढचं पाऊल कुठे पडणार हे शरीराला आधी ठाऊक असतं. इथे एकदम थांबायचं, गर्रकन वळायचं. गुडघ्याच्या दोऱ्या आणि गादी दुखावतात त्या अशाच वेळी, पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग वर वळलेलं असताना. म्हणून वळायचं झालं तर लहान लहान पावलं टाकत वळा, एका पायावर भोवरा करू नका. आणि आत जाण्याआधी बाहेर मोकळ्यावर पाचदहा मिनिटं अंग गरम करा : जागच्या जागी चालणं, घोटे दोन्हीकडे फिरवणं, टाचा उचलून पंजावर उभं राहणं, भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणणं. लोक बघतील. बघू द्यात. तुमचं बघून दुसरा एखादा गट उभा राहिला तर त्यांचंही भलं होईल.

बीपी गोळीने ताब्यात असेल, डॉक्टरांनी चालण्या-फिरण्याला मनाई केलेली नसेल, तर खेळायला हरकत नाही. तरी जाण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालाच. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटी घड्याळातला आकडा बघून ‘मी ठीक आहे’ असं ठरवू नका. खेळताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. आलं नाही की बाहेर यायचं. वाकून एकदम उठायचं नाही, श्वास रोखून धरायचा नाही, दोन खोल्यांच्या मध्ये पाणी प्यायचं. छातीत दडपण आलं, घाम फुटला, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ गेली तर खेळ तिथेच संपला, लाज बाळगायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आता जे कुणी लिहीत नाही ते लिहिते. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या कितीतरी बायकांना उडी मारताना, पळताना थेंबभर लघवी निसटते. त्या एका भीतीपायी बायका ‘मी पर्स सांभाळते’ म्हणून बाकावर बसून राहतात. शाळेच्या मैदानावर मी अशा आया वर्षानुवर्षं पाहिल्या. यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याचं ते लक्षण आहे, आणि व्यायामाने बहुतेकींना चांगला फरक पडतो. फिजिओथेरपिस्टकडे एकदा नीट शिकून घ्या, दिवाळीपर्यंत हातात वेळ आहे. त्या दिवशी पॅड लावा, खोलीत शिरण्याआधी जाऊन या, आणि उड्यांच्या ट्रॅम्पोलिनवर चढू नका. पर्ससाठी लॉकर असतो. आठजणी गेल्यात तर आठहीजणी खेळा.

कपडे सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट, ओढणीशिवाय. मंगळसूत्र लांब असेल तर आत, बांगड्या घरी. तळ घसरणार नाही असे लेसवाले बूट घाला, नवेकोरे नकोत. चष्म्याला मागून दोरी. एका खोलीत सहसा दोन ते पाचजणच सोडतात, म्हणून चार-चारचे दोन गट घरूनच पाडा, आणि प्रत्येक गटात एक पळणारी, एक नेमबाज, एक डोकं लढवणारी असू द्या. दर खोलीला गट बदलला तर अजून चांगलं. शनिवार-रविवार टाळून सकाळचा वेळ धरा. गर्दी कमी असते आणि तिथली मुलं नीट समजावून सांगतात.

आणि तुमची धास्ती. ती अनाठायी नाही, म्हणून तिला ‘काही होत नाही हो’ म्हणून मी उडवून लावणार नाही. २५ मे २०२४ ला, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शनिवारी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये २७ जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. आत खेळ चालू असताना वेल्डिंगचं काम चालू होतं, आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी १८ जानेवारीला आपल्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. शिक्षिका म्हणून ती बातमी मी आजही सहज वाचू शकत नाही. दोन्ही ठिकाणी लोक आनंदाला म्हणून गेले होते. जागा चालवणाऱ्याने जे बघायला हवं होतं ते बघितलं नव्हतं.

म्हणून तुम्ही बघा. तिकीट काढण्याआधी काउंटरवर विचारा, ‘फायर एनओसी कुठे लावली आहे?’ लावलेली असेल तर तारीख वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे न देता परत फिरा आणि सेव-उसळ खायला जा, दिवस वाया जाणार नाही. आत गेल्यावर पहिला खेळ सुरू होण्याआधी बाहेर पडायचे दोन रस्ते शोधा, वेगवेगळ्या दिशांचे. नुसता फलक बघू नका, तिथपर्यंत चालत जा. दार ढकलून बघा. ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, त्याला कुलूप नको, त्याच्यासमोर खोकी आणि मोडकी यंत्रं रचलेली नकोत. खेळाच्या खोल्या अंधाऱ्या असतात, भिंतींना फोम, खाली गालिचा, मध्ये प्लायवूड. अशा ठिकाणी ज्वाळेच्या आधी धूर पोचतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून सगळ्यात आतल्या खोलीपासून दारापर्यंत किती वळणं हे पायांना कळलेलं असावं. खेळ चालू असताना खोलीचं दार बंद होतं, ते आतून नुसतं ढकलून उघडतं का, हे तिथल्या मुलाला करून दाखवायला सांगा. कुठेही वेल्डिंग, रंगकाम, वायरिंगचं काम चालू दिसलं तर त्या दिवशी खेळायचं नाही. आणि एकीला आधीच ठरवून ठेवा, ‘चला’ असं ती म्हणाली की सगळ्यांनी प्रश्न न विचारता निघायचं. ती एक तुम्हीच व्हा. ज्याला धास्ती असते त्याचे डोळे उघडे असतात.

प्रश्न : बाई, मी पॉलिटेक्निकला आहे. आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा तरी अशा सेंटरला जातो. आमच्यातला एकजण बास्केटच्या खोलीत एकदम भारी खेळतो, चढायच्या भिंतीवर सगळ्यांच्या पुढे असतो. पण फरशीवर लाल-हिरवा खेळ आला की दरवेळी लालवर पाय देतो आणि सगळ्यांचे जीव घालवतो. निळ्या-पांढऱ्याच्या खेळात असं होत नाही. सगळे त्याला ‘डोकं ठेवून आलास का घरी’ म्हणून चिडवतात. आता तो यायचंच नाही म्हणतोय. पुढच्या वर्षी रेल्वेची परीक्षा देणार आहे, त्याचंही टेन्शन असेल. त्याला कसं समजवायचं? — गोत्री

उत्तर : अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण उत्तर तूच त्यात लिहिलं आहेस. नेम चांगला, तोल चांगला, निळ्या-पांढऱ्यात चूक नाही, आणि फक्त लाल-हिरव्यात गडबड. हे डोक्याचं काम नाही, टेन्शनचंही नाही. त्याला लाल आणि हिरवा एकमेकांपासून नीट वेगळे दिसत नसण्याची बरीच शक्यता आहे. रंगांधळेपणाचा हा प्रकार जन्मतः असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त. कारण त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाकडे एक्स एकच असल्यामुळे तो बिघडला तर दुसरा सावरायला नसतो. खूप जणांना मोठेपणीपर्यंत पत्ताच लागत नाही. रस्त्यावरचा सिग्नल ते वर-खाली दिव्याच्या जागेवरून ओळखतात, आंबा पिकला का हे वासावरून आणि दाबून. अंधाऱ्या खोलीत जागेची, वासाची खूण राहत नाही, उरतो नुसता रंग, आणि तोही घाईत ओळखायचा.

तपासणी सोपी आहे. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये ठिपक्यांच्या तक्त्यांचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा असतो. सयाजी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत किंवा कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे ते असतं. मोबाइलवरचे तक्ते बघून निदान करू नका, पडद्याचा रंग खरा नसतो. आणि हे त्याने परीक्षेच्या फॉर्मआधी करावं. असिस्टंट लोको पायलटसारख्या पदांना रंगदृष्टीची कडक अट आहे, कारण तिथे सिग्नल रंगावर चालतो. रेल्वेत अशीही पदं आहेत ज्यांच्या वैद्यकीय अटी वेगळ्या आहेत. अभ्यासात वर्ष घालून शेवटी वैद्यकीय तपासणीत अडकण्यापेक्षा आजच कळलं तर तो योग्य दिशेने अर्ज करेल. बडोद्यासारख्या रेल्वेच्या गावात ही माहिती शाळेतच मिळायला हवी, मला हे फार वाटतं.

त्याला समजवायला चौघांनी मिळून जाऊ नका. तू एकट्याने जा, कट्ट्यावर बस, आणि सरळ विचार, ‘तुला तिथे लाल आणि हिरवा सारखाच दिसतो का रे?’ त्याने हो म्हटलं तर बाकीच्यांना सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोड. पुन्हा जाल तेव्हा रंग बदलता येतात का ते काउंटरवर विचार. बदलता येत नसतील तर लाल-हिरव्याच्या खेळात एकाने त्याला दिशा सांगत राहा, किंवा तो खेळ सोडून दुसरी खोली घ्या. आणि चिडवणं आजपासून बंद. ते तू करू शकतोस, म्हणून तुला सांगते.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पंचाहत्तरीचा गृहस्थ. आमच्या काळी आखाडा होता, मैदान होतं, पैसा लागत नव्हता. आता नातवंडं म्हणतात, आजोबा, आम्हाला पळायला तिकीट काढून द्या. बंद खोलीत विजेच्या दिव्यांमागे पळणं हा खेळ म्हणावा का? — दांडिया बाजार

उत्तर : काका, तुम्ही ज्या भागात राहता तिथे प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचा वारसा आहे. हुतूतूचे नियम छापून १९२३ मध्ये अखिल भारतीय सामने भरवले ते याच शहरातल्या हिंद विजय जिमखान्याने. तेव्हा तुमचं दुःख मी समजू शकते, ते माझंही आहे. शाळांची मैदानं पार्किंगला गेली, गल्लीत गाड्या उभ्या राहिल्या, आणि मुलं घरात मोबाइल घेऊन बसली.

पण तुमच्या प्रश्नाला ‘हो, हा खेळच आहे’ असं मी उत्तर देईन. धाप लागते, घाम येतो, सोबत्याला हाक मारावी लागते, हरल्यावर पुन्हा उभं राहावं लागतं. पडद्यासमोरच्या खेळाला पाय फुटायला सुरुवात होऊनही बराच काळ झाला. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये पायाखालच्या बाणांवर नाचायचं यंत्र आणलं, त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेत डॅलसला लेझर टॅगचं, म्हणजे उजेडाच्या बंदुकीने एकमेकांवर नेम धरायच्या खेळाचं, पहिलं केंद्र उघडलं होतं. आजच्या या खोल्या त्याच वाटेवरच्या. मैदानाची जागा त्या घेऊ शकत नाहीत. तिथे ऊन नाही, माती नाही, पडल्यावर खरचटणं नाही, आणि रोज परवडतही नाही. म्हणून तुम्ही दोन्ही करा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तिकीट काढून द्या आणि स्वतः सोबत जा. मग एखाद्या संध्याकाळी गच्चीवर खडूने चौकोन आखा, तुम्ही ‘लाल!’, ‘निळा!’ असं पुकारा आणि त्यांना पळवा. तळ्यात-मळ्यात, लंगडी, आंधळी कोशिंबीर त्यांना कुणी शिकवलेलीच नाही. दिव्यांच्या फरशीवरून आलेल्या मुलांना ती चटकन जमते, हे मी शिकवून पाहिलं आहे. सुट्टीत कामाटीबागेत न्या. हुतूतूचा दम कसा धरायचा हे दाखवायला त्यांच्या ओळखीत तुमच्याशिवाय कुणी नसेल.

प्रश्न : मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींना ट्रॅम्पोलिन आणि गेमिंगच्या जागी न्यायचं आहे. तिथे पालकांकडून एका कागदावर सही घेतात, ‘इजा झाल्यास केंद्र जबाबदार नाही’. दुसऱ्यांच्या मुलींसाठी मी सही करावी का? आणि सही केली की आपला हक्क गेला का? — वासणा रोड

उत्तर : दुसऱ्यांच्या मुलींसाठी तुम्ही सही करू नका. कागदाचा फोटो आधीच मागवून घ्या आणि प्रत्येकीच्या आई-वडिलांना पाठवा. त्यांनी वाचून स्वतः सही करावी. मुलीला दमा, फिट, जुनं फ्रॅक्चर असं काही असेल तर ते त्याच वेळी तुमच्या कानावर येईल, आणि तोच खरा फायदा.

सही केली म्हणून केंद्राच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. तुटकी जाळी, फाटलेली गादी, माणूस लक्ष द्यायला नसणं हे सेवेतले दोष आहेत, आणि त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराचीही तरतूद आहे. पावती आणि पट्ट्यांचे फोटो जपून ठेवा. मात्र नियम मोडून इजा झाली तर तुमची बाजू लंगडी पडते, म्हणून मुलींना ते समजावून सांगा. सगळ्यात महत्त्वाचा नियम, एका जाळीवर एकावेळी एकच. दोघी उड्या मारत असल्या की जड मुलीच्या उडीचा जोर हलकीच्या पायाखाली येतो आणि ती तिला न पेलणाऱ्या उंचीवर फेकली जाते. ट्रॅम्पोलिनवरच्या बहुतेक दुखापती एकापेक्षा जास्त जण चढलेले असतानाच होतात. कोलांटउडी अजिबात नको, मानेचं दुखणं जन्माचं असतं. केक खेळून झाल्यावर.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला फिट येतात, दोन वर्षं औषध चालू आहे. मैत्रिणी तिला लखलखणाऱ्या दिव्यांच्या गेमिंगला नेणार आहेत. तिला पाठवू का? ती फार हट्टाला पेटली आहे. — कारेलीबाग

उत्तर : मावशी, आधी तिच्या न्यूरॉलॉजिस्टना नेमका हाच प्रश्न विचारा : ‘हिला उजेडाने येणाऱ्या फिट्स आहेत का?’ फिट येणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांनाच लुकलुकणाऱ्या उजेडाचा त्रास असतो, पण किशोरवयात त्याचं प्रमाण जास्त असतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा उजेड, विशेषतः लाल, धोक्याचा. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड झपाट्याने चमकला आणि कित्येकशे मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढताना समोर दिवा चमकवून हे तपासतात. तिचा जुना रिपोर्ट काढून बघा, त्यात लिहिलेलं असेल.

डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. हट्ट पुरवू नका, पण तिला घरीही बसवू नका. मैत्रिणींनाच सांगा, त्यांनी बेत बदलावा, बोलिंगला जावं. सोळा वर्षांच्या मैत्रिणी विश्वासाने सांगितलं की समजून घेतात. डॉक्टर हो म्हणाले तर आदल्या रात्री पुरती झोप, गोळी वेळेवर, उपाशीपोटी नाही, आणि चढायची भिंत वर्ज्य. दिवे फार लखलखू लागले तर नुसते डोळे मिटून भागत नाही, उजेड पापणीतूनही आत जातो. एक डोळा तळहाताने घट्ट झाकायचा, तोंड वळवायचं आणि बाहेर यायचं.

सोबत जाणाऱ्या निदान दोघींना हे पाठ असू द्या. फिट आली तर तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर १०८. तिथल्या माणसाला आत शिरतानाच सांगून ठेवा, म्हणजे तो पहिल्यांदा दिवे आणि आवाज बंद करेल.